चौथं चाक

४ सप्टेंबर

प्रिय मामा,

आधी 'तीर्थरूप मामास साष्टांग नमस्कार' असं लिहिलं होतं. मग वाटलं, नऊ वर्षांनी आमच्या घरून पत्र येतंय आणि तेही एवढं सोवळ्यातलं, तू उघडायच्या आधीच मटकन खाली बसशील. म्हणून पहिल्यांदा हे: सगळे जिवंत आहेत. धडधाकट म्हणत नाही, पण जिवंत.

मी भिंगरी. तुझ्या दुकानात टायरांच्या चळतीत उतरून 'विहिरीत पडले, विहिरीत पडले' म्हणून बोंबलायची, तीच. आता पंचवीस वर्षांची आहे. फिजिओथेरपिस्ट झाले आहे. घरोघरी जाऊन लोकांचे गुडघे वाकवते आणि त्यांच्या शिव्या खाते.

पत्र का, तर तुला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तू 'कोण? कोण?' असा ओरडलास आणि आपटलास. मग तुझ्या दुकानासमोरच्या शिंप्याला गाठलं. ते म्हणाले, चाकांचे नट सोडवायच्या एअर गनने त्याचे कान खाल्लेत, फोनवर त्याला आता काही कळत नाही, पण लिहिलेलं वाचतो आणि वाचून भांडतोसुद्धा. म्हटलं, चला, भांडण तर भांडण.

तर काम असं. मी गाडी घेतली आहे. दीड वर्ष झालं. जुनीच, पण मामा, काय गाडी आहे! गडद निळी, बुटकी, मागे छोटासा पंख, आणि ॲक्सिलरेटरला पाय लावायचा अवकाश की पळते. एका दातांच्या डॉक्टरची होती. त्यांना जुळं झालं आणि मागे बाळांच्या दोन खुर्च्या मावेनात. मी ती रोज चालवते, पन्नासेक किलोमीटर, पेशंटच्या दारोदार. उन्हात, पावसात, थंडीत. टायरना मात्र टक्कल पडलंय. इथला दुकानदार म्हणतो, अशा गाडीला स्पोर्टी टायरच शोभतात. मला हवेत ऑल-सीझन, म्हणजे बारा महिने चालणारे, आणि खूप म्हणजे खूप टिकणारे. पण गाडीचा तोराही जायला नको. कोणते घेऊ?

आई-बाबा ठीक आहेत.

तुझी
भिंगरी

ता. क. रागावला असशील तर आधी टायरचं सांग, मग रागाव.


११ सप्टेंबर

चि. भिंगरी,

आशीर्वाद. पत्र मिळालं. तीनदा वाचलं. तीनदा का, ते विचारू नकोस, चष्मा जुना आहे.

मी कशाला रागावू? माझा काय संबंध रागवायचा?

तुला हवंय काय, तर पळणारं, चिकटणारं, पावसात न घसरणारं, थंडीत न कडकणारं आणि वर म्हाताऱ्या माणसासारखं टिकणारं. आखूडशिंगी, बहुदुधी गाय पाहिजे सगळ्यांना. अगं, टायर म्हणजे रबर. मऊ असलं तर रस्ता धरतं आणि लवकर झिजतं. कडक असलं तर टिकतं आणि ओल्यात घसरतं. या दोघांच्या मधे कुठेतरी तुझं टायर आहे. ते शोधायचं तर आधी जुने टायर बघायला हवेत. गाडी कशी चालते ते मालक सांगत नाही, टायर सांगतं. मालक सगळे खोटं बोलतात. चाळीस वर्षं मी 'हळूच चालवतो हो' ऐकलंय आणि समोर करवतीसारखं खाल्लेलं रबर बघितलंय.

मी दुकान बंद केलंय. त्यामुळे आता उंटावरून शेळ्या हाकणं. तरी सांगतो तसं कर. जाड कागदाच्या बारा पट्ट्या काप. प्रत्येक टायरच्या खाचेत पट्टी उभी खुपसायची, आतल्या कडेला एक, मधे एक, बाहेरच्या कडेला एक, आणि खाच जिथे संपते तिथे पेन्सिलने रेघ मारायची. पट्टीवर लिही कुठल्या चाकाची, कुठल्या जागेची. अंदाजपंचे दाहोदरसे नको. पोस्टाने पाठव.

आणि गाडी कुठे कुठे जाते ते लिही. खरं लिही.

घरी सगळे बरे असतील. दाजींचा पाय कसा आहे?

मामा


१९ सप्टेंबर

प्रिय मामा,

बारा पट्ट्या पाठवते आहे. त्या मोजताना मी रस्त्यावर उताणी पडलेली बघून शेजारच्या आजोबांना वाटलं मला चक्कर आली. ते पाणी घेऊन आले. मग त्यांना टायरमधे एवढा रस आला की चार पट्ट्या त्यांनीच मोजल्या. त्यांच्या पट्ट्यांवरचं अक्षर सुंदर आहे, ते मी नव्हे.

बाबांचा पाय गुडघ्यातून पूर्ण वाकत नाही, पण काठी घेऊन ते रोज कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. मी या धंद्यात पडले ती त्या पायामुळेच. माझा पहिला पेशंट तोच, आणि सगळ्यात आगाऊ. व्यायाम सांगितला की म्हणतात, 'फी किती?'

गाडी कुठे जाते: बहुतेक गावातल्या गावात. आता महिन्यातून दोनदा डोंगर ओलांडून मोठ्या शहरात जायचं आहे, एका बाजूला दोन तास. सकाळी लवकर निघायचं. थंडीत घाटात रस्त्यावर पातळ बर्फ धरतं, हे तुला माहीत आहे. शिवाय सध्याची गाडी फार हादरते, खड्डा आला की दात वाजतात. शेजारी बसणाऱ्याला हादरे बसू नयेत असं काही असतं का?

आणि टिकाऊ हवेत हे विसरू नकोस. बाकी थोडं कमीजास्त चालेल. एकदा घेतले की चार वर्षं परत बघायला लागू नये.

तुझं दुकान बंद का झालं? शिंपीकाका म्हणाले कानामुळे. पण टायर काय कानाने बसवतात?

भिंगरी


२६ सप्टेंबर

चि. भिंगरी,

शेजारच्या आजोबांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या चार पट्ट्या बरोबर आहेत. तुझ्या आठांमधल्या दोन तू गाडीत बसल्या बसल्या अंदाजाने मारल्या आहेस, मागच्या चाकांच्या मधल्या. पुन्हा मोज.

आता ऐक. पुढची दोन्ही चाकं आतल्या कडेला जवळजवळ गुळगुळीत आहेत. म्हणजे अलाइनमेंट गेली आहे. दातांच्या डॉक्टरने लोकांचे दात सरळ केले, चाकं नाही केली. ती सरळ केल्याशिवाय नवीन टायर घातलेस तर तेही तसेच खाशील. मागची चाकं अजून बरी आहेत, म्हणजे पुढची मागे, मागची पुढे अशी अदलाबदल कुणी कधी केलेली नाही. दर दहा हजार किलोमीटरला करायची असते. चार भावंडांत दोघांनीच कष्ट उपसायचे आणि दोघांनी मागून यायचं, हे घरात चालत असेल, गाडीत चालत नाही.

काय घ्यायचं: तुझ्या गाडीला अठरा इंची रिम आहे. ती शोभेची. सतराची घे. मग टायरची बगल जाड होते, खड्डा ती गिळते, दात वाजत नाहीत, आणि तोरा एक इंचाने काही कमी होत नाही. टायरच्या बगलेवर ट्रेडवेअर म्हणून आकडा असतो, टिकण्याचा. दोनशे-तीनशे म्हणजे तुझ्या दुकानदाराचे स्पोर्टी, वर्ष-दीड वर्षात खलास. तू पाचशेच्या वरचं घे. पण आठशेच्या मागे लागू नकोस, ते टिकतं कारण ते रस्त्याला धरतच नाही. ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं अक्षर 'ए' असलं पाहिजे, त्याखाली नाही. आणि बर्फात चालण्याची खूण असते, डोंगराच्या चित्रात बर्फाची चांदणी, ती असलेलंच ऑल-सीझन घे. नुसत्या नावाचे पुष्कळ असतात.

हे झालं टायरचं. आता तुझं.

पेशंट गावात आहेत, मग डोंगरापलीकडे महिन्यातून दोनदा काय आहे? आणि हादरे बसू नयेत ते कुणाला? तुझ्या बाजूची दोन्ही चाकं दुसऱ्या बाजूपेक्षा केसभर जास्त झिजली आहेत. म्हणजे दीड वर्षात तुझ्या शेजारी कुणी बसलेलं नाही. हे काही शास्त्र नाही, माझा आगाऊपणा आहे, कोर्टात टिकणार नाही. पण पुष्कळदा बरोबर निघतो.

घोडं कुठे पेंड खातंय ते सांग.

मामा


१७ ऑक्टोबर

प्रिय मामा,

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण खोटं लिहायचं की खरं, ते ठरत नव्हतं. पट्ट्यांचं खोटं जर तुला पोस्टातून कळत असेल, तर दुसरं काय लपणार!

माझ्या शेजारी खरंच कुणी बसत नाही. बाबा मागे आडवे बसतात, पाय लांब करून. पुढची सीट आईची. आणि आई त्या सीटवर एकदाही बसलेली नाही. माझ्याच नाही, कुणाच्याच गाडीत ती नऊ वर्षांत बसलेली नाही. बसने जाते, नाहीतर पायी.

आता तिचे डोळे बिघडले आहेत. पडद्याला सूज आहे. उजव्या डोळ्याने तिला समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. डाव्याला सुरुवात झाली आहे. यावर इंजेक्शन आहे, डोळ्यातच देतात, महिन्यातून एकदा, आणि मधे एकदा तपासणी. ते मोठ्या शहरात. आत्तापर्यंत ती सकाळच्या बसने जायची, आणि बस ऑगस्टपासून बंद झाली. दोन इंजेक्शनं चुकली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, थंडीभर असंच चुकत राहिलं तर गेलेली नजर परत येणार नाही, आणि डावा डोळाही जाईल.

मी चिडले, रडले, पाया पडले. दारात गाडी उभी आहे, मुलगी उभी आहे, आणि ही बाई म्हणते, 'बघू, बस सुरू होईल.' शेवटी एक दिवस मी ओरडले, 'काय केलं म्हणजे बसशील?' ती म्हणाली, 'चाकं दादाने फिरवून बघितली असतील तर बसेन.' आणि उठून आत गेली.

म्हणून तुला पत्र लिहिलं. आईला हे माहीत नाही. आणि टिकाऊ टायर का, तर दर वर्षी तुला कुठून आणू? तू एकदा आलास, एकदा बघितलंस, तर तेवढ्यावर चार वर्षं तिला नेता येईल असं मी धरलं होतं. तुझ्यावर आमचा एवढाच हक्क उरलाय असं मला वाटत होतं.

मला घरात इतकंच सांगितलं होतं की मामा रागावलाय, त्याला त्रास देऊ नका. का रागावला, कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी मी मागच्या सीटवर धावण्याच्या शर्यतीच्या बुटांच्या नाड्या बांधत होते. टायर फुटल्याचा आवाज आठवतो, बाबांचा पाय आठवतो. त्याआधी दुकानात काय झालं, मला माहीत नाही. तू सांगशील?

भिंगरी


२४ ऑक्टोबर

चि. भिंगरी,

हे पत्र आईला दाखवू नकोस.

माझी पद्धत तुला माहीत आहे. नवीन टायर आलं की जमिनीवर उभं करायचं, एक पूर्ण फेरा फिरवायचं, अंगठा बगलेवरून फिरत राहिला पाहिजे. चीर असेल तर अंगठ्याला कळते. मग चार आकडे वाचायचे. पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे कुठलं वर्ष. त्यावरून टायरचा जन्म कळतो. रबर नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. वरून चकचकीत आणि आतून चिरलेलं. हे सगळं बघून झालं की खडूने बरोबरची खूण करायची आणि मगच रिमवर चढवायचं. माझ्या वडिलांनी शिकवलेलं. माझ्या दुकानात खूण नसलेलं टायर कुणाच्या गाडीला लागलं नाही.

त्या दिवशी तुझी शर्यत होती. तुम्हा चौघांचं, म्हणजे तिघांचं आणि त्या जुन्या गाडीचं, चार टायरचं काम होतं. तीन बघितले. चौथं हातात घेतलं आणि तुझ्या आईने खिडकीतून हात घालून हॉर्न वाजवला. म्हणाली, 'अरे दादा, टायर आहे, हिरा नाही! आटप!' सगळे हसले, मीही हसलो. आणि चौथं न फिरवता चढवलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण मी त्यावर खूण केली, भिंगरी. न बघता खडूने बरोबरची खूण केली.

तासाभराने तेच फुटलं. दाजींना दवाखान्यात पोचवल्यावर मी गाडी बघायला गेलो. फाटलेल्या टायरच्या बगलेवर माझी अर्धी खूण होती आणि शेजारी आकडे. सहा वर्षांचं टायर. व्यापाऱ्याने नव्यात मिसळलेलं. एक फेरा फिरवला असता तर दिसलं असतं. व्यापाऱ्याला मी काय बोलू? बघणं माझं काम होतं.

दवाखान्याच्या जिन्यात तुझी आई भेटली. माझ्याकडे न बघता म्हणाली, 'दादा, तू आता येऊ नकोस.' बरोबरच बोलली. महिन्याभरात मी दुकान बंद केलं. कान हे लोकांना सांगायला बरं कारण आहे. तेव्हापासून मी बिस्किटाच्या पुड्यावरचीही तारीख वाचतो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात ना, तसं.

आई-बाबा ठीक आहेत असं तू लिहिलंस आणि मी त्यावर समाधान मानलं. तिचे डोळे असे झाले आणि मला पत्ता नाही. लहानपणी सुईत दोरा तीच ओवायची, मला जमायचं नाही.

'दादाने बघितली असतील तर' असं ती म्हणाली असेल, तर ते टोमण्याने म्हणाली असणार. तू लहान आहेस, तुला कळलं नाही. मी येणार नाही. माझी खूण आता कुणाच्या चाकावर नको. तू स्वतः बघ. सोबत कागदावर सगळं लिहून दिलंय, आकडे कुठे असतात ते चित्र काढून. शेजारच्या आजोबांना बरोबर ने, ते नीट बघतील. आणि आईला काही करून दवाखान्यात पोचव. उचलून ने, पण ने.

मामा


२ नोव्हेंबर

दादा,

पोरीने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. दाखवू नकोस म्हणालास, तेही वाचून दाखवलं. तिला काही बोलू नकोस. मला आता बारीक दिसत नाही, म्हणून जाड पेनाने लिहिते आहे. ओळी एकमेकींवर चढतील, समजून घे.

टोमणा नव्हता रे.

हॉर्न मी वाजवला. तुझ्या हातातलं टायर मी खाली ठेवायला लावलं. तू जन्मात कधी न बघता काम केलं नाहीस, ते त्या दिवशी केलंस ते माझ्यामुळे. माझ्या घाईने यांचा पाय गेला आणि तुझं नाव गेलं. जिन्यात तू समोर आलास तेव्हा तुझी मान खाली होती. कुणी काही म्हणायच्या आधीच तू गुन्हेगार होऊन उभा होतास. मला तुझ्याकडे बघवेना. म्हणून येऊ नकोस म्हटलं. मला वाटलं चार दिवसांनी जाईन आणि पाय धरीन. चार दिवसांनी धीर झाला नाही. मग दुकान बंद झाल्याचं कळलं, तेव्हा वाटलं, तू माझ्यावरच्या रागाने बंद केलंस. मग तर तोंडच उरलं नाही.

गाडीत बसले की मला तोच हॉर्न ऐकू येतो. दुसरं काही नाही. तू फिरवून बघितलेल्या चाकावर मला भीती वाटणार नाही, एवढंच म्हणाले होते.

तू ये. डोळ्यांसाठी नाही म्हणत. डोळे राहतील तेवढे राहतील. मला तुझा चेहरा दिसतोय तोवर ये.

धाकटी

ता. क. मेहुणे, हिच्या पेनातली उरलेली शाई मी वापरतो. नऊ वर्षं मी हा तमाशा बघतो आहे. पाय माझा मोडला आणि रुसून तुम्ही दोघं बसलात! मला कुणी विचारलं का, तुझा राग कुणावर आहे म्हणून? कुणावरही नाही. व्यापाऱ्यावर थोडा होता, तोही गेला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशी तुमच्या घरातली माणसं आहेत, आणि त्यातली एक मी पत्करली. आता मुकाट्याने या. मला संध्याकाळी पत्ते खेळायला माणूस नाही. ही खेळली असती, पण हिला एक्का आणि दुर्री सारखीच दिसते, आणि तरी जिंकते.


६ नोव्हेंबर

धाकटे,

तुझ्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. वाचायला एक अख्खी सकाळ लागली. वेळ अक्षराने घेतला नाही.

मी तुला कधीच दोष दिला नाही. हॉर्न हजार लोक वाजवतात. पण हे पत्रात जमायचं नाही. मी मंगळवारी येतो.

मला ऐकू येत नाही आणि तुला दिसत नाही. आता भांडण लागलं तर मिटवायला तिसरं माणूस लागेल.

भिंगरीला सांग: चारही टायर दुकानात आणून ठेवायला सांग, पण एकही चढवू देऊ नकोस. मी जमिनीवर बघणार. अलाइनमेंट आधी. सतराची रिम. पाचशेच्या वरचं, तेच. तिला म्हणावं चार वर्षं टिकणारे घे, हरकत नाही, पण दर दहा हजाराला पुढची मागे आणि मागची पुढे करावी लागतात. तिच्या हिशेबाने ते वर्षातून दोनदा येतं. तेवढं काम कुणा परक्याला देऊ नये.

दाजींना सांग, पत्ते मी आणतो. त्यांच्या घरचे खुणा केलेले असतात.

दादा


२२ नोव्हेंबर

प्रिय मामा,

नीट पोचल्याचं शिंपीकाकांकडून कळलं. तू स्वतः कळवलं नाहीस, याची नोंद घेतली आहे. बाबांचा निरोप: शेवटचा डाव तू लबाडीने जिंकलास.

काल तपासणी झाली. चाकं चढवल्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दिलेल्या इंजेक्शनने सूज थोडी उतरली आहे. उजव्या डोळ्याचं डॉक्टर काही कबूल करत नाहीत, पण डावा वाचेल म्हणाले, फक्त आता चुकवू नका. गुरुवारी जाताना आई पुढे बसली होती, माझ्या शेजारी. घाटात सकाळी पांढरं धरलं होतं. ती दोन्ही हातांनी सीट धरून होती. वळणावर गाडी जराही हलली नाही तेव्हा तिने एक हात सोडला. पुढच्या वळणावर दुसरा सोडला आणि पर्समधून आल्याची गोळी काढून मला दिली. काल येताना तर झोपली, घोरली. खड्डे टायरने गिळले, तू म्हणालास तसे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते.

तू आलास त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दुकानात तू जमिनीवर बसून टायर बघत होतास. पहिलं फिरवलंस, आकडे मोठ्याने वाचलेस, एकतिसावा आठवडा, वर्ष हेच, आणि खूण केलीस. दुकानदार हाताची घडी घालून बघत होता. त्याला आधी हसू येत होतं, दुसऱ्या टायरनंतर येईनासं झालं. तिसरं झालं. मग तू चौथं हातात घेतलंस आणि तसाच बसून राहिलास. तुझी पाठ आमच्याकडे होती. तुझा अंगठा बगलेवर होता आणि हलत नव्हता.

आई गाडीला धरून उभी होती. काच खाली होती आणि आधाराला तिने हात आत घातला होता, हॉर्नपासून वीतभर. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे. आईने हात बाहेर काढला, गाडी न धरता तुझ्या दिशेने दोन पावलं टाकली, आणि काहीतरी म्हणाली. मोठ्याने म्हणाली. दुकानदारसुद्धा वळला. तू वळला नाहीस. थोड्या वेळाने तुझा अंगठा हलला, तू टायर फिरवायला लागलास, एक फेरा, मग उगाच आणखी एक, आणि आकडे वाचलेस आणि खूण केलीस. इतकी हळू खूण करताना मी कुणाला बघितलं नाही.

तू उठून वळलास तेव्हा सगळ्यांचे डोळे ओले होते आणि तू म्हणालास, 'काय झालं? चांगलं आहे हे.' मग चहा आला आणि ते राहूनच गेलं.

काल परत येताना जागी झाल्यावर आईने पहिल्यांदा हेच विचारलं. 'त्याला ऐकू गेलं का गं?' मी म्हटलं, नाही, आई. ती म्हणाली, 'मग लिहून कळव. कानात ओरडून सांगायची गोष्ट नाही ती.'

म्हणून लिहिते आहे. चौथं टायर तुझ्या हातात असताना ती म्हणाली होती, 'सावकाश बघ रे दादा. आपल्याला कसलीही घाई नाही.'

तुझी
भिंगरी